हळदीच्या दिवसांत मिटलेले डोळे

फेब्रुवारी निम्मा सरला की सांगलीच्या हवेला वास सुटतो. मार्केट यार्डाकडून वारा आला की तो आधी गॅलरीतल्या कपड्यांवर बसतो, मग माठातल्या पाण्यात उतरतो आणि शेवटी चहात. नवख्या माणसाला शिंका येतात. आम्हाला फक्त कळतं की हळदीचे सौदे सुरू झाले. मी यार्डाजवळच्या एका लहानशा प्रयोगशाळेत हळदीचे नमुने तपासते. ओलावा बघायचा, रंग बघायचा, भेसळ आहे का बघायचं. हळकुंडं फोडून आणि दळून हात मनगटापर्यंत पिवळे होतात आणि हंगाम संपेपर्यंत तसेच राहतात. साबण झाला, लिंबू झालं, काही चालत नाही. सिटी बसचा कंडक्टर दरवर्षी विचारतो, मॅडम, यंदा कुणाच्या लग्नाची हळद. मी दरवर्षी हसते.

यंदा मात्र तो वास आला आणि मी गॅलरीचं दार लावून घेतलं. त्याच दिवशी वडूजहून वडिलांचा फोन आला होता. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकलाय, पुढच्या आठवड्यात येतो, एवढंच बोलून त्यांनी ठेवला. पहिला डोळा झाला तोही हळदीचाच हंगाम होता. त्या दिवसांत आमच्या दोन खोल्यांत जे झालं ते अजून पुरतं निवलेलं नाही.

त्याच्या आधीच्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी आमच्या इमारतीच्या जिन्यावर चढलं होतं. नवरा खंडाळ्याच्या कंपनीत, शनिवारी येणारा. मी एकटी पायरीवर उभी राहून एकेक पायरी बुडताना बघितली. पाणी ओसरलं, गाळ काढला, भिंतींना रंग दिला, पण माझा श्वास काही जागेवर आला नाही. बसमध्ये, यार्डात, भाजी निवडताना मधेच छाती आवळायची. हवा समोर असूनही आत येत नाही, हे ज्याला होतं त्यालाच कळतं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, फुप्फुसं ठणठणीत आहेत, तुम्ही श्वासाला घाबरताय, ध्यान शिका.

ध्यान शिका म्हणजे काय, हे खालच्या मजल्यावरच्या माने वहिनींना आधीच ठाऊक होतं. त्यांचे यजमान फौजेतून सुभेदार होऊन आलेले, ऊस भरपूर, आणि वहिनींना कुणाला तरी कुठंतरी घेऊन जायची हौस दांडगी. त्यांनी मला स्कूटीवर मागं बसवलं आणि एका कार्यालयाच्या हॉलमध्ये नेलं. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याला आयटीत होत्या, आता हे करतात. समोर समई तेवत होती. मॅडमनी पहिलंच वाक्य टाकलं की इथे कुठलाही धर्म नाही, हे निव्वळ विज्ञान आहे. दुसऱ्या वाक्याला सगळ्यांनी ओंकार लावला. माने वहिनींचा ओंकार सगळ्यांत लांब. मी ओठ मिटून बसले, कारण आमच्या घरात दीक्षेच्या प्रतिज्ञा बाराखडीच्या आधी पाठ होतात आणि त्यांत काय मानायचं नाही ते आधी येतं.

मग मॅडम म्हणाल्या, आता फक्त श्वास बघा. आत येणारा बघा, बाहेर जाणारा बघा, बदलू नका. मी दचकले. हे मी ऐकलं होतं. पावसाळ्यात वर्षावासाच्या दिवसांत आमच्या वस्तीतल्या विहारात कंदिलाखाली बसून कुणीतरी ग्रंथ वाचायचं. त्यात बुद्ध झाडाखाली नेमके हेच करत बसलेले होते. घरची वस्तू परक्याच्या कपाटात दिसावी तसं मला झालं. तास संपल्यावर मी मॅडमना विचारलं, हे बुद्धांचं आहे ना? त्या चांगल्या मनाच्या बाई. चटकन म्हणाल्या, "असेलही ताई. पण आपण नाव घेत नाही. नाव घेतलं की लोक यायचे थांबतात."

ओंकार घेतल्यावर नाही का थांबत, हे माझ्या जिभेवर आलं होतं. त्या म्हणाल्या असत्या की ओंकार म्हणजे धर्म नाही, ध्वनी आहे. परतताना वहिनी स्कूटीवरून मान वळवून सांगत होत्या की आपल्या ऋषीमुनींचंच आहे हे सगळं, तुमच्यातही आता करायला लागले ते बरं झालं. ते 'तुमच्यात' मला वाऱ्यातही स्पष्ट ऐकू आलं. उतरावंसं वाटलं. उतरले नाही, कारण घर लांब होतं आणि मला श्वास हवा होता. राग आला की माणूस उठून जातो, पण माझी गरज माझ्या रागापेक्षा मोठी होती, आणि हेच मला जास्त झोंबलं.

हॉलमध्ये मी फार दिवस गेले नाही. रीत कळली होती, ती घरी आणली. सकाळी चादरीची घडी घालायची, भिंतीकडे तोंड करायचं, तळवे मांडीवर उघडे ठेवायचे आणि बसायचं. पहिल्या आठवड्यात नुसते पाय मुंग्यांनी भरले. मग एक दिवस बसमध्ये छाती आवळली आणि आवळता आवळता सुटली. मी खिडकीशी बसून रडले. कुणाला सांगायचं कळेना. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, बरं झालं, आणि पगाराचं बोलायला लागला.

अशात तात्या आले. पहिला डोळा करायचा होता. डॉक्टर म्हणाले, पिकून गेलाय, आता लांबवलं तर डोळा हातचा जाईल.

तात्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचे. म्हैस अडलेली असो की बैल फुगलेला असो, तात्या आधी औषधाला हात लावत नसत. मागं उभे राहून जनावराच्या कुशीकडे बघत बसायचे. मग तळवा बरगड्यांवर ठेवायचा आणि तसाच ठेवून द्यायचा, जनावर शांत होईपर्यंत. मालक घायकुतीला यायचा. तात्या म्हणायचे, थांब रं, आधी तिचा दम बगू दे. दवाखान्यातला डेटॉलचा आणि शेणाचा मिसळलेला वास मला अजूनही भरवशाचा वाटतो.

देव या शब्दाशी मात्र त्यांचं उभं वैर. आमच्या वस्तीच्या विहारात भिंतीवर बुद्ध रंगवायचे ठरले तेव्हा पेंटरनं छापील कॅलेंडरावरून मिटल्या डोळ्यांचे काढले होते. तात्यांनी उभं राहून डोळे पुसायला लावले आणि पुन्हा काढून घेतले, टक्क उघडे. चित्र म्हणून ते काही फार बरं दिसत नाही. एक डोळा जरा मोठाच झालाय. पण आम्ही मुलं त्या उघड्या डोळ्यांसमोर वाढलो, आणि त्यांच्यासमोर खोटं बोलताना आमची चांगलीच तारांबळ उडायची.

त्यांना मी बसते हे सांगितलं नव्हतं. लपवलं असंही नाही. आदल्या संध्याकाळी ते आले, जेवले, झोपले. सकाळी मी नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून बसले. बसलं की माझं अंग थोडं झुलतं. पुष्कळांचं झुलतं, मॅडम म्हणाल्या होत्या, झुलू द्या. हंगामाचे दिवस होते, तळवे पिवळेधमक. मी आत होते, म्हणजे श्वासापाशी होते, आणि एकदम नाकात आग शिरली.

डोळे उघडले तर तात्या शेजारी गुडघ्यांवर बसलेले. एका हातानं माझी मान घट्ट धरलेली, दुसऱ्या हातात बुक्कीनं फोडलेला कांदा माझ्या नाकाशी दाबलेला. आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

"कोन हाय? बोल. कोन आलंय?"

मी म्हटलं, तात्या, मी आहे. सुजाता. त्यांनी कांदा खाली टाकला आणि भिंतीला टेकले. बराच वेळ आम्ही दोघं कांद्याच्या उग्र वासात बसून राहिलो, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते कांद्याचंच आहे असं दोघांनाही म्हणता येत होतं.

मोतीबिंदूच्या धुरकट पडद्यातून त्यांना काय दिसलं ते मला नंतर उमगलं. झुलणारी बाई, मिटलेले डोळे, पिवळे हात. त्यांच्या आईच्या अंगात यायचं. दीक्षेच्या आधीची गोष्ट, तात्या तेव्हा लहान होते. मंगळवारी भंडाऱ्यानं हात माखून ती घुमायला लागली की गावातली माणसं वस्तीच्या तोंडाशी येऊन उभी राहायची. एरवी तिला ओसरीला पाय लावू देत नसत, पण घुमताना लांबून हात जोडून तिला विचारायची, कोण आलंय, पाऊस कधी पडंल, बैल कुठं गेला. असं विचारणाऱ्यांवर तात्या जन्मभर तुटून पडले. आणि त्या सकाळी, देव न मानणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून पोरीसाठी तोच प्रश्न निघाला होता. मला वाटतं, त्यांचा पुढचा सगळा राग माझ्यावर कमी आणि त्या प्रश्नावर जास्त होता.

चहा झाल्यावर ते म्हणाले की हे बंद कर. मी डॉक्टरांचं सांगितलं, बसमधलं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमी देव पुढच्या दारानं घालवलं. येरळेच्या पाण्यात सोडलं, मी सवता टोपली धरली हुती. त्ये आता मागच्या दारानं यायला लागलं. तू बसणार असशील तर मी उद्याच्या गाडीनं वडूजला जातो. डोळा गेला तर जाऊदे."

तात्या बोलतात तसं करतात. मागं एकदा लग्नात सत्यनारायण आहे म्हणून मांडवातून चालत वडूज गाठलं होतं. तेव्हा आमच्यापुढं दोनच वाटा होत्या. मी बसायचं सोडायचं, किंवा त्यांच्या डोळ्यावर पाणी सोडायचं.

मी भांडले. त्यांच्याशी अशी मी कधी भांडले नव्हते. म्हटलं, हॉलमध्ये लोक म्हणतात हे तुमचं नाहीच, आणि घरात तुम्ही म्हणता हे आपलं नाही, मग मी हे कुणाच्या घरून आणलंय? बुद्ध असेच बसले होते ना? तात्या म्हणाले, तुझं नाव मी सुजाता का ठेवलं ठाऊक आहे का. ती सुजाता डोळे मिटून बसली नव्हती, उपाशी माणसासाठी खीर घेऊन आली होती.

मी म्हटलं, "पण तात्या, खीर खाऊन ते पुन्हा डोळे मिटूनच बसले."

त्यांना शब्दात पकडण्यात मला क्षणभर जी मजा वाटली, ती पुढच्या त्यांच्या बोलण्यानं पार गेली. खिडकीकडे बघत ते म्हणाले, "माज्या पाठीवर एक भन हुती. तिला ताप भरलेला. आई डोळं मिटून घुमत बसली, देव काय सांगतो म्हनून सारी वाट बगत ऱ्हायली. मी येकटा पोरीकडं बगत हुतो. तिचा दम लागत लागत गेला. कुनी डोळं उगडलं न्हाईत."

मला अशी एक आत्या होती हे पन्नाशीला आल्यावर कळलं. तिचं नावही त्यांनी सांगितलं नाही. आणि मला म्हशीच्या कुशीकडे बघत उभे असलेले तात्या आठवले. ते कुणाचा दम बघत असतील इतकी वर्षं, हे डोक्यात आलं. मी म्हटलं, नाही बसत.

धर्माचा प्रश्न लोक किती सोपा करतात. कुणी म्हणतं नाव काढून टाका, मग ते सगळ्यांचं होईल. कुणी म्हणतं ते मुळात आमचंच होतं. त्या हंगामात मला कळलं की पद्धत कुठून आली हा प्रश्न ग्रंथातला नाही, तो माणसाच्या अंगात रुतलेला असतो. मी बसते तेव्हा माझ्यापुरता तो श्वास असतो. तात्यांना त्याच बसण्यात एक मेलेली मुलगी दिसते. दोघांपैकी खोटं कुणीच नाही, आणि त्यामुळेच मधला मार्ग काढायचा कुठून, हे मला आजही नीटसं कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी माने वहिनी भाकरी आणि खरडा घेऊन वर आल्या. मन मोठं आहे त्यांचं, ते मी कधी नाकारलं नाही. पण जिभेला लगाम नाही. तात्यांना म्हणाल्या, "आवं, लेकीला बसू द्या की. आपलं पूर्वापार चालत आलेलं हाय ते. तुमच्यात न्हवतं, आता आलंय, चांगलंच हाय."

तात्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मला वाटलं आता होतंय काहीतरी. ते शांतपणे म्हणाले की आमच्यात काय होतं आणि ते कुणी घालवलं हे तुम्हाला सांगत बसलो तर खरडा वाळून जाईल. वहिनींना ते अर्धंच कळलं. त्या हसल्या. मी हसले नाही, आणि तात्यांचा मला पहिल्यांदाच एकदम अभिमानही वाटला आणि रागही आला. बाहेरच्यांसमोर ते माझ्या बाजूनं होते. घरात नव्हते.

बसणं सोडल्यावर दोन-चार दिवसांतच छाती परत आवळायला लागली. भांडी घासताना, नमुना तोलताना. मी तात्यांपुढे दम लागलाय हे दाखवत नव्हते. मोरीत जाऊन नळ सोडायचे आणि पाण्याच्या आवाजात तोंड उघडून हवा ओढायचे. मी बाहेर आले की ते माझ्या तोंडाकडे न बघता पोटाकडे बघायचे. ती नजर मला ओळखीची होती. मी पदर सारखा करून स्वयंपाकघरात जायचे.

आज हे लिहिताना मी सारखी गॅलरीत जाऊन येते. खाली कुणीतरी टेम्पोतून पोती उतरवतंय, वास दाटून आलाय. पुढच्या आठवड्यात तात्या परत त्याच खोलीत झोपतील. विहारात हल्ली पोरं ध्यानाचं शिबिर घ्यायचं म्हणतात आणि तात्या त्याला कडाडून विरोध करतात, असं ऐकलंय. म्हणजे काही बदललेलं नाही. मी लिंबू घेऊन हात चोळून बघितले. रंग तसाच आहे.

त्या पहिल्या ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात ही गर्दी. तात्यांना हिरवा झगा घातला, डाव्या डोळ्यात थेंब टाकले. नर्स म्हणाली, आजोबा, हा डोळा आता मिटूनच ठेवायचा, बोलावेपर्यंत उघडायचा नाही. ते बाकावर ताठ बसले, एक डोळा मिटून, दुसरा धुरकट डोळा समोरच्या भिंतीवर रोखून. मी शेजारी. बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलेली, पंखा बंद, आणि माझ्याच हातांचा हळदीचा वास माझ्या नाकात. तात्यांना आत काही झालं तर, हा विचार आला आणि जिन्यावरचं पाणी एकदम माझ्या गळ्याशी आलं.

हवा थांबली. मी तोंड उघडलं, आत काही जाईना. कानात शिट्टी वाजायला लागली. आपण मरतोय असं वाटतं तेव्हा लाज वाटत नाही असं लोक म्हणतात. मला लाजच वाटत होती, की आज त्यांचा दिवस आहे आणि मी हे काय करतेय.

पाठीवर हात आला. तळवा सपाट, बरगड्यांवर, थोडा एका बाजूला. चोळला नाही, थोपटला नाही, नुसता ठेवला. तो हात मी कितीतरी गायी-म्हशींच्या अंगावर बघितला होता, माझ्या अंगावर कधी आला नव्हता. तात्या वाकून माझ्या कुशीकडे बघत होते. कुणीतरी पाणी पुढं केलं, ते त्यांनी बाजूला सारलं.

"मीट डोळं," ते म्हणाले.

मी मान हलवली. तुम्ही जाल, असं मला म्हणायचं होतं.

"न्हाई जात. तू दोनी मीट. माजा एक उगडा हाय. मी बगतो."

मी डोळे मिटले. आधी नुसता अंधार आणि धडधड. मग त्यांच्या तळव्याखाली काहीतरी वर उचललं गेलं आणि खाली बसलं. मीच होते ती. मी श्वासाच्या मागं गेले नाही, त्या हाताच्या मागं गेले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. माझं अंग हळूहळू झुलायला लागलं, मला ते कळलं, आणि मी घाबरून थांबवायला गेले. तात्यांनी हात काढला नाही. मी झुलत राहिले आणि तो हात माझ्याबरोबर पुढं-मागं होत राहिला.

कुठूनतरी नर्सचा आवाज आला. त्यांचं नाव पुकारत होती. दुसऱ्यांदा पुकारलं, मग जवळ येऊन म्हणाली, आजोबा, चला लवकर, डॉक्टर थांबलेत.

तात्या जागचे हलले नाहीत.

"वाईच थांबा," ते म्हणाले. "पोरगी बसलीया."